फरक जिरवायचा कुठे? चिखलातल्या गाडीचा डिफ लॉक करताना

चिखलात फसलेली गाडी नीट बघा कधी. एक चाक वेड्यासारखं फिरतंय, मागे राडा उडवतंय, आणि त्याच एक्सलवरचं दुसरं चाक, जे खरं तर कडक जमिनीवर आहे, ते ढिम्म. बघणारे म्हणतात इंजिनात दम नाही. दम भरपूर असतो हो, डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला गियरचा संच, थोडक्यात डिफ, आपलं काम इमानेइतबारे करत असतं आणि तिथेच सगळा घोळ आहे.

डिफ मुळात वळणासाठी आहे. समजा डाव्या-उजव्या चाकात दीड मीटर अंतर आहे आणि गाडीने एक पूर्ण गोल फेरी मारली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ९.४ मीटर जास्त चालतं, आणि गंमत म्हणजे गोल छोटा असो नाहीतर मोठा, हा फरक तेवढाच राहतो. हा फरक जिरवायला १८२७ मध्ये फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. पण त्याची किंमत अशी की साधा डिफ दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. चिखलातलं चाक १०० न्यूटन मीटरला सुटलं की कडक जमिनीवरच्या चाकालाही १००च मिळणार, मग ते हजार झेलू शकत असलं तरी काय उपयोग. वर एक चाक थांबलं की दुसरं दुप्पट वेगाने फिरतं, म्हणजे काटा ४० दाखवतोय आणि चाक ८० च्या वेगाने चिखल खणत खोल जातंय.

डिफ लॉक केला, म्हणजे त्याचं हे काम बंद पाडलं, की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि टॉर्क जिथे पकड आहे तिथे जातो. चिखलात याचा अजून एक फायदा, दोन्ही टायर जोरात फिरले की खाचांमधला राडा फेकला जातो, नाहीतर टायरचा गुळगुळीत गोळा होतो. पण वळणातला तो ९.४ मीटरचा फरक कुठे गेला? कुठेच नाही, तो आता डिफच्या बाहेर जिरतो. चिखलात चिखलच सरकतो, कुणाला त्रास नाही. कोरड्या डांबरावर मात्र टायर चीं चीं करत घासतो, एक्सलला पीळ बसतो. म्हणून कोणता लॉक चांगला हे विचारण्याआधी गाडी किती वेळ सरकणाऱ्या जमिनीवर असते ते स्वतःला विचारा.

लॉक करायचे मार्ग तीन: वेल्डिंग, स्पूल आणि लॉकर. आधी वेल्डिंग. डिफच्या आतले स्पायडर गियर आणि साइड गियर, जे चाकांना वेगवेगळं फिरू देतात, ते एकमेकांना जोडून टाकायचे, संपलं. अमेरिकेत याला गमतीने लिंकन लॉकर म्हणतात, वेल्डिंग मशीनच्या कंपनीवरून. स्वस्त आहे यात वाद नाही. पण या गियरचा वरचा थर मुद्दाम कार्बन भरून कडक केलेला असतो, आणि असं स्टील वेल्ड करून लगेच गार झालं की जोडाजवळ काचेसारखं ठिसूळ होतं. त्यात दातांमध्ये मुरलेलं तेल नीट साफ केलं नसेल तर वेल्डमध्ये बुडबुडे. आधी गियर गरम करा, लो हायड्रोजन रॉड वापरा, मग हळूहळू गार होऊ द्या, तरी खात्री नाहीच. मी एकदा असा वेल्ड केलेला डिफ उघडताना बघितलाय, ड्रेन प्लगच्या चुंबकावर नखाएवढा वेल्डचा तुकडा चिकटलेला, दोन बेअरिंगच्या रोलरवर चरे. तो तुकडा क्राउन आणि पिनियन या डिफला फिरवणाऱ्या दोन मोठ्या गियरच्या मध्ये गेला असता तर संपूर्ण सेट बदलायला लागला असता.

स्पूल म्हणजे तेच काम, पण नीट केलेलं. फुल स्पूलमध्ये अख्खा कॅरियरच, म्हणजे ते आतले गियर धरणारं कवच, काढून एकसंध स्टीलचा तुकडा बसतो, आत हलणारं काहीच नाही, वजनही बऱ्याचदा कमी. मिनी स्पूल जुन्याच कॅरियरच्या आत बसतो, म्हणजे ताकद शेवटी त्या कॅरियरएवढीच. फुल स्पूल घेतलात तर मजबूत एक्सल शाफ्टपण (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) घ्या, कारण साध्या डिफमध्ये एका शाफ्टवर जास्तीत जास्त अर्धा टॉर्क येतो, लॉक केल्यावर एकट्यावर जवळपास सगळा येऊ शकतो. त्यात मोठे जड टायर हवेत फिरत असतात आणि अचानक दगडावर पकड घेतात, शाफ्ट तुटतो तो त्याच क्षणी. लॉकवर खर्च करून शाफ्ट मूळचेच ठेवणारे लोक बघून मला हसू येतं.

लॉकरमध्ये दोन जाती. ऑटोमॅटिक, जसा डेट्रॉइट लॉकर, सरळ जाताना लॉकच असतो आणि वळणात बाहेरच्या चाकाला पुढे पळू देतो, टकटक आवाज करत. सोडताना धरताना धक्का देतो, त्याची सवय करावी लागते. सिलेक्टेबल म्हणजे बटणावर चालणारा, हवेचा किंवा विजेचा, बंद असेल तेव्हा साधा डिफ. हा माझा आवडता, पण महाग, आणि हवेच्या नळीत किंवा वायरच्या जोडात चिखल शिरला तर नेमका हवा तेव्हा चालत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात, आडव्या उतारावर पूर्ण लॉक एक्सल घसरतो, कारण दोन्ही चाकं फिरायला लागली की बाजूची पकड जाते. साध्या डिफमध्ये एक चाक थांबलेलं असतं, ते नांगरासारखं धरून ठेवतं. आणि पुढच्या एक्सलला स्पूल लावलात तर स्टिअरिंग वळवताना घाम निघेल, तिथे सिलेक्टेबलच बरा.

मग निवड? ट्रेलरवर चढवून चिखलात न्यायची गाडी असेल तर मागे फुल स्पूल. रस्त्यावरून स्वतः जाणारी असेल तर मागे सिलेक्टेबल, आणि बजेट बसलंच तर पुढेही. वेल्ड फक्त त्याने करावा ज्याच्याकडे सुटा एक्सल पडलेला आहे आणि तुटला तर जीव जळणार नाही.

जुनी गाडी घेताना विकणारा डिफ वेल्ड केलाय म्हणाला तर इंजिन बंद, पुढच्या चाकांना अडण, गियर टाका, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला आणि त्यातलं एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर साधा डिफ आहे. दोन्ही जाम असतील तर लॉक आहे. आणि अडकत अडकत, कडकड करत फिरलं तर कव्हर उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.