विश्वचषक फुटबॉलची भाकिते आणि नाशिकचा वाचक

फुटबॉलच्या विश्वचषकात कोणता देश कुठवर मजल मारेल, याविषयी वृत्तपत्रे, वाहिन्या आणि संकेतस्थळे अंदाज वर्तवत असतात. भारताचा पुरुष संघ या स्पर्धेत अजून एकदाही खेळलेला नाही; १९५० मध्ये ब्राझीलला जाण्याची संधी होती, पण संघ गेला नाही. त्यामुळे नाशिककर चाहत्याला आपला संघ परदेशातूनच निवडावा लागतो. ही निवड बहुधा मेस्सी, रोनाल्डो अशा खेळाडूंवरून होते, आणि मग अंदाज वाचताना इच्छा आकड्यांत मिसळते.

या अंदाजांचा पहिला आधार फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची क्रमवारी; ती १९९२ पासून निघते. २०१८ पासून तिची गुणपद्धत एलो या बुद्धिबळातल्या, खेळाडूची ताकद गुणांत मांडणाऱ्या पद्धतीवर बेतलेली आहे. दुसरा आधार परदेशातील सट्ट्याच्या भावांचा. एखाद्या संघावर मुद्दलासह पाचपट परतावा मिळणार असेल, तर त्याची शक्यता साधारण २० टक्के मानतात. सर्व संघांचे असे टक्के मिळवले तर बेरीज शंभरावर जाते. तो वरचा भाग सट्टा चालवणाऱ्याचा नफा असतो. तिसरी रीत संगणकाची: संघांची ताकद आकड्यांत मांडून सगळी स्पर्धा हजारो वेळा खेळवून पाहायची आणि कोण किती वेळा जिंकतो ते मोजायचे.

या टक्क्यांचा अर्थ नीट सांगणे हे क्रीडापानाचे खरे काम आहे, आणि तेच सर्वांत जास्त राहून जाते. बाद फेरीतला प्रत्येक सामना जिंकण्याची ७० टक्के शक्यता असलेला बलाढ्य संघ घ्या. विजेतेपदासाठी पूर्वी लागणारे चार सामने ओळीने जिंकण्याची त्याची शक्यता फक्त २४ टक्के उरते. २०२६ पासून ४८ संघांच्या रचनेत बाद फेरीचे पाच सामने जिंकावे लागतात, म्हणजे ती १७ टक्क्यांच्या आसपास येते. ‘प्रबळ दावेदार’ असा मथळा दिला, तरी तो संघ न जिंकण्याचीच शक्यता कितीतरी अधिक असते. मथळ्याशेजारी हा आकडा छापायलाच हवा.

फसलेल्या भाकितांत १९५० चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. निर्णायक सामन्याच्या दिवशीच ‘ओ मुंदो’ या ब्राझीलच्या वृत्तपत्राने आपल्या संघाचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून छापले; उरुग्वेने २-१ ने सामना जिंकला. २००२ मध्ये गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता परतला, तर २०१८ मध्ये जर्मनी गटातच बाद झाला. २०२२ मध्ये सलग ३६ सामने अपराजित असलेली अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ अशी हरली आणि पुढे विजेतीही ठरली. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर आकडे नव्याने काढणारे अंदाज अधिक विश्वासार्ह.

नाशिकमधून निघणारी ‘देशदूत’, ‘गावकरी’ यांसारखी दैनिके असोत की मोठ्या वृत्तपत्रांच्या स्थानिक आवृत्त्या, छपाईची वेळ सगळ्यांनाच बांधून ठेवते. १० डिसेंबर २०२२ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री साडेबाराला सुरू झालेला अर्जेंटिना-नेदरलँड्स सामना पेनल्टींपर्यंत लांबून पहाटे तीननंतर संपला. अशा वेळी सकाळच्या अंकातले भाकीत घरी पोहोचेपर्यंत निकाल मोबाइलवर आलेला असतो.