लाखाचा कॉमा कॉम्प्युटरला कळतो की!

सांगली मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं बिलिंग मी बघतो, तिथं आधीच्या पोरानं कोडच्या चाळीसेक ओळी लिहून ठेवलेल्या, आकडा उलटा करा, तीन अंक सोडा, मग दोन-दोनला कॉमा… का तर म्हणे कॉम्प्युटरला मिलियनच कळतं, लाख-कोटी हातानंच पाडायला लागतात. कुणी सांगितलं राव? जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत आकडे मांडायला इंटल नंबरफॉरमॅट (Intl.NumberFormat) तयारच आहे, त्याला लोकेल, म्हणजे भाषा-देशाचा कोड, एमआर-आयएन (mr-IN) द्या, १२३४५६७.५ चं सरळ १२,३४,५६७.५ होतंय, इंग्रजी अंक पायजेत तर ईएन-आयएन (en-IN). त्या चाळीस ओळींत उचल वजा होऊन -१२३ आलं की हिशेबाच्या पट्टीवर -,१२३ छापायचं! फक्त फॉरमॅट झाल्यावर ती नुसती अक्षरं राहतात, त्यामुळं बेरीज-वजाबाकी आधीच उरकून घ्या.