लॅपटॉपची रॅम वाढते, ग्राफिक्स कार्ड का वाढत नाही?

बारावीचे निकाल लागले आणि इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "आत्ता साधा घेतो, पुढं रॅम आणि ग्राफिक्स कार्ड वाढवून मिळेल का?" उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. इथं मशीन जुनं झालं म्हणून कुणी टाकून देत नाही. बुश बदलतात, शाफ्ट नवा बनवून घेतात आणि मशीन पुन्हा कामाला लागतं. लॅपटॉपकडून आपण तीच अपेक्षा ठेवतो. रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीच्या, बाबतीत ती बराच काळ पुरीही झाली. ग्राफिक्सच्या, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या चिपच्या, बाबतीत जवळपास कधीच नाही. असं का झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक कंपनीची रॅम वेगळी असे. एकाची दुसऱ्याला बसत नसे आणि किंमत कंपनी सांगेल ती. नव्वदच्या दशकात जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या छोट्या पट्टीने, म्हणजे सोडिमने, हा त्रास संपवला. रॅमच्या पिढ्या बदलल्या तशा पिनाही बदलल्या : एसडीरॅमच्या पट्टीला १४४ पिना होत्या, डीडीआर आणि डीडीआर२ला २००, डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. व्होल्टेजही उतरत गेलं : डीडीआर३ला १.५, तिच्याच कमी वीज खाणाऱ्या प्रकाराला १.३५, डीडीआर४ला १.२ आणि डीडीआर५ला १.१. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून प्रत्येक पिढीत खाच थोडी सरकवलेली असते. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, कारण पट्टी त्या पिढीची नाही एवढाच त्याचा अर्थ.

हे काम जवळून पाहिलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लॅपटॉप बंद करायचा, मागचं झाकण काढायचं, बॅटरीची पिन सोडवायची. स्लॉटच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. नवी पट्टी तशीच तिरकी घालायची, सोनेरी कडा पूर्ण आत गेली की खाली दाबायची. 'टक' असा आवाज आला की ती बसली. पावसाळ्यानंतर लॅपटॉप चालूच होईना म्हणून दुकानात आला, तर अनेक कारागीर आधी पट्टी काढून ती सोनेरी कडा खोडरबराने पुसतात. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

रॅम वाढवण्याला एक जुनी मर्यादाही होती. ३२ बिटच्या नेहमीच्या विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नसे, आणि त्या चारमधलीही काही हाती लागत नसे. ६४ बिटची विंडोज रुळल्यावर ८ आणि १६ जीबी घालण्याला अर्थ आला.

ग्राफिक्सचं गणित मुळातच वेगळं. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप बारीक सोल्डरच्या गोळ्यांवर मदरबोर्डाला पक्की बसवलेली असते, आणि तिची स्वतःची मेमरीही शेजारीच झाळलेली. तिची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी बहुतेक वेळा प्रोसेसरवरूनच गेलेली असते. वीजपुरवठा, पंखा, बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), सगळं त्या एका चिपसाठी बेतलेलं. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २००४ मध्ये एमएक्सएम नावाचं बदलता येणारं कार्ड आणून पाहिलं. कल्पना चांगली होती, पण लॅपटॉपगणिक उष्णता काढायची रचना वेगळी, बायोस वेगळा, आणि सुटं कार्ड मिळालंच तर किंमत न परवडणारी. जाडजूड वर्कस्टेशन आणि गेमिंग लॅपटॉपच्या पलीकडे ते फारसं पोचलं नाही.

पक्क्या बसवलेल्या चिपचा तोटा २००८ मध्ये जगभर दिसला. काही लॅपटॉप चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत असल्याचं एनव्हिडियानेच त्या जुलैत जाहीर केलं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. वारंवार तापून आणि थंड होऊन चिपच्या पॅकेजमधला जोड तुटत होता. दुकानांत अशी चिप गरम हवेने तापवून चालू करून देत, पण तो काही दिवसांचा दिलासा असे. दोष चिपच्या आतच होता.

पुढं लॅपटॉप सडपातळ झाले आणि रॅमचं स्वातंत्र्यही आटलं. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये २ जीबी रॅम बोर्डावरच पक्की होती. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकची, म्हणजे सडपातळ लॅपटॉपची, टूम काढली आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. ॲपलच्या एम१ (२०२०) आणि इंटेलच्या लुनार लेक (२०२४) या प्रोसेसरांमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच जाऊन बसली. यात नुसती कंपन्यांची मखलाशी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. मेमरी जितकी जवळ तितकी वीज कमी आणि वेग जास्त, हे खरंच आहे. पण ८ जीबीवर अडकलेल्या विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग नाही, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट मात्र दुकानात क्वचितच कुणी समजावून सांगतं. स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र उमटवायला मुख्य रॅमच वापरली जाते. एकच पट्टी असेल तर माहितीचा रस्ता ६४ बिटचा, जोडीला दुसरी घातली की १२८ बिटचा. म्हणजे ८ जीबीच्या पट्टीशेजारी तशीच दुसरी लावली तर नुसती रॅम वाढत नाही, ग्राफिक्सलाही वेग येतो. कास्टिंगच्या पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंग करणारा किंवा लग्नाचे अल्बम बनवणारा, दोघांनाही हा फरक जाणवू शकतो. अर्थात मशीनमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क फिरत असेल तर माझ्या मते पहिला पैसा एसएसडीवरच, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवरच, घालावा.

ग्राफिक्स बाहेरून जोडायची वाट २०१५ च्या थंडरबोल्ट ३ या वेगवान केबल-जोडणीने रुंद केली. पण वेगळा डबा, वेगळा पॉवर सप्लाय आणि वर कार्ड. तेवढ्या पैशांत डेस्कटॉप उभा राहतो. सुटं ग्राफिक्स मॉड्यूल मागच्या बाजूने बसवायची सोय फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपने दिली, आणि २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चिपचं मॉड्यूल आधीच्या मशीनलाही बसतं. रॅमसाठी जेडेकने २०२३ च्या अखेरीस कॅम२ हे मानक प्रसिद्ध केलं. स्क्रूने आवळायची ही पट्टी एकटीच १२८ बिटचा रस्ता देते, आणि तिचा एलपीकॅम२ हा प्रकार २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१ मध्ये आला.

तोवर आहे तो लॅपटॉप असा तपासा : टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि 'फॉर्म फॅक्टर' पाहा. 'सोडिम' लिहिलेलं असेल तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावर झाळलेली आहे; मग रिकामा स्लॉट आहे का, हे झाकण उघडून किंवा कंपनीचं मॅन्युअल पाहून ठरवायचं.