दुपारी स्की का चिकटते?

मनालीजवळच्या सोलांगहून फॅमिली ग्रुपवर भाचीचा व्हिडिओ आला. सकाळी दहाचा. उतार आमच्या हनुमान टेकडीच्या मानानं अगदीच किरकोळ. दोन्ही स्कींची, म्हणजे पायांना अडकवलेल्या लांब पट्ट्यांची, टोकं आत वळवून त्रिकोण केलेला आणि बाईसाहेब अलगद खाली येतायत. दुपारी तीनला दुसरा व्हिडिओ. उतार तोच, भाड्याच्या स्कीही त्याच, पण ही अर्ध्यावर अडकलेली आणि काठ्यांनी रेटा देतेय. खाली प्रश्न: ‘मामा, ऊन पडलं, बर्फ ओला झाला. मग जास्त घसरायला हवं ना?’

मी कोथरूडमध्ये चष्मा शोधेपर्यंत मेव्हण्यांनी उत्तर ठोकून दिलं होतं. ‘वजनानं दाब पडतो, दाबानं बर्फ वितळतो, म्हणून स्की घसरते. दुपारी तो आधीच वितळलेला, मग काय वितळणार?’ दुसरं वाक्य त्यांचं स्वतःचं. पहिलं मात्र आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं, आणि स्कीच्या बाबतीत ते चूक आहे.

हिशोबच मांडू. मेव्हणे ७० किलोचे. दोन स्की, प्रत्येकी १६० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद. सगळं वजन एवढ्या जागेवर पसरलं की दाब पडतो हवेच्या दाबाच्या साधारण सदतिसाव्या भागाएवढा. बर्फाचा द्रवणांक एका अंशानं खाली आणायला लागतो हवेच्या दाबाच्या १३०पट दाब. म्हणजे मेव्हण्यांनी द्रवणांक खाली आणला तो एका अंशाच्या पाचहजाराव्या भागानं. स्की काढून नुसत्या बुटांवर उभे राहिले तर दाब पाच-सहापट होतो, तरी बूट स्कीसारखे सरकत नाहीत. शिवाय उणे २२ अंशांखाली बर्फ कितीही दाबा, त्याचं पाणी होत नाही, तो फक्त वेगळ्या रचनेचा बर्फ होतो. आणि लोक त्या थंडीतही स्की करतात.

शाळेतला तारेचा प्रयोग आठवत असेल. बर्फाच्या लादीवर तार, तारेला दोन बाजूंना वजनं. तार बर्फातून आरपार जाते आणि लादी अखंडच राहते. मी घरी तांब्याच्या तारेशेजारी तेवढ्याच जाडीची गळाची नायलॉन दोरी लावून पाहिली, वजनं सारखीच. तार चांगली खोल गेली तरी दोरी वरच्यावर रेंगाळत होती. नुसत्या दाबाचा खेळ असता तर दोघी बरोबरीनं उतरल्या असत्या. तांबं खोलीतली ऊब बर्फात नेतं, नायलॉन ती फारशी नेत नाही.

मग पाणी येतं कुठून? थोडंसं तिथं असतंच. १८५० मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं, की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटून एक होतात. त्यांचं म्हणणं, बर्फाच्या अंगावर कायम पाण्याचा एक पातळ थर असतो. दोन तुकड्यांमध्ये सापडला की तो गोठतो. हा प्रयोग सारसबागेसमोरचा गोळेवाला दिवसातून शेकडो वेळा करतो. किसलेला बर्फ काडीभोवती मुठीत दाबला की गोळा तयार. कडाक्याच्या थंडीत मात्र कोरड्या हिमाचा साधा चेंडूही वळत नाही.

आता थोडं आत शिरू. बर्फाच्या पोटातला पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधानं धरून असतो. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नाही. तो जास्त थरथरतो, जागा सोडतो, आणि वरच्या काही थरांची जाळीदार शिस्त मोडते. हे धड पाणी नाही, धड बर्फ नाही. शून्याजवळ हा थर जाड असतो, थंडी वाढेल तसा पातळ होतो.

पण एवढ्यानं स्की पळत नाही. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला स्कीच्या घर्षणाचे प्रयोग केले. कडक थंडीत धातूचा तळ एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, तळापेक्षा जास्त अडखळत होता, कारण घासण्यातून आलेली उष्णता धातू पळवून नेतो. म्हणजे वंगण स्की स्वतःच तयार करते. ७० किलोचा माणूस ताशी ३६ किलोमीटरनं जाताना घर्षणांक (घर्षण वजनाच्या किती पट ते) ०.०५ धरला तर साडेतीनशे वॉट उष्णता निघते. स्वयंपाकघरातला मिक्सर निम्म्यावर चालवल्यासारखं. ती सगळी वितळण्यात गेली तर सेकंदाला एक ग्रॅम पाणी. दोन्ही स्की सेकंदात ज्या पट्ट्यावरून जातात त्यावर ते पसरलं तर थर मायक्रोमीटरहूनही पातळ, केसाच्या जाडीचा शंभरावा भाग. प्रत्यक्षात स्की बर्फाच्या कणांच्या मोजक्या टोकांनाच टेकते, म्हणून तिथं थर जाड होतो. एका ग्रॅमवर माणूस तरंगत जातो! मला हे अजूनही नवलाचं वाटतं.

२०२५ मध्ये जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठातून संगणकी सादृशीकरणाचा एक अभ्यास आला. दाब नाही, घर्षणाची उष्णताही नाही, घासणाऱ्या वस्तूच्या आणि बर्फाच्या रेणूंची विद्युत ओढाताण वरचा थर विस्कटते, असं त्याचं सांगणं. ‘दोनशे वर्षांचा समज खोटा’ अशा बातम्या लगेच फिरल्या. दाबाचा भाग बाउडनच्या वेळीच मोडीत निघाला होता. घर्षणाचा भाग इतक्यात सोडायला मी तयार नाही.

तेवढ्यात ग्रुपवर एका आत्यांनी ‘पाण्याशी गोड बोला, सुंदर स्फटिक होतात’ हे जपानच्या मासारू इमोटो यांच्या फोटोंचं फॉरवर्ड टाकलंच. त्याच जपानात उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला, आणि आकार ठरतो तो तापमान व बाष्पावर, हे दाखवून दिलं. उणे पाचाच्या आसपास सुया, उणे पंधराच्या आसपास फांद्यांची चांदणी. शिव्या दिल्या तरी चांदणीच.

तर भाचीची दुपार. सकाळी पाणी बर्फाच्या कणांच्या टोकांपुरतं होतं. दुपारी ते कणांमधल्या फटी भरून स्कीच्या तळाला सलग भिडलं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून वेगळ्या करून बघा, तीच ओढ. म्हणून स्कीच्या तळावर बारीक रेघा कोरतात, पाण्याचा सलग पडदा फाटावा म्हणून, आणि वर मेण चढवतात. तळ अळूच्या पानासारखा हवा, पाण्याला थारा न देणारा. शर्यतीतले लोक यासाठी फ्लोरिनयुक्त मेण वापरायचे. ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४च्या हंगामापासून ती बंद केली.

भाचीला एवढंच लिहिलं: स्की भाड्यानं देणाऱ्या काकांकडे मेण माग. त्यांनी पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दिला. संध्याकाळी तिसरा व्हिडिओ आला. त्यात उतार नव्हताच. उलटी धरलेली स्की, तळावर टाकलेला पाण्याचा थेंब, आणि तो गोल होऊन कडेपर्यंत ओघळत जाताना मागून मेव्हण्यांचा आवाज: ‘पुन्हा टाक, पुन्हा टाक.’