मेंदूला लसीकावाहिन्या नसतात?

ऊतींमधलं जादा पाणी आणि टाकाऊ प्रथिनं लसीकावाहिन्या वाहून नेतात. मेंदूला मात्र ही सोय नाही, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. ते चूक आहे. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ पाओलो मास्कान्यी यांनी १७८७ मध्येच मेंदूच्या आवरणातल्या या वाहिन्यांची नोंद केली होती. ती मागे पडली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि फिनलंडमधल्या हेलसिंकी इथल्या संशोधक गटांनी त्या उंदरांत दाखवल्या. २०१७ मध्ये एमआरआयवर माणसातही दिसल्या.

मेंदूच्या गाभ्यात त्या नसतातच, हे नीट लक्षात घ्या. त्या असतात बाहेरच्या जाड आवरणात, मोठ्या शिरांच्या कडेने, आणि मानेतल्या खोल लसीकागाठींकडे उतरतात. मेंदू बाहेर काढताना हे आवरण बहुधा कवटीलाच चिकटून राहतं, म्हणून त्या सहज नजरेतून सुटतात.

या वाहिन्या बंद केल्यावर उंदरांत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, जास्त साचलं. त्यावरून उपचारांची घाई झाली, आणि ती काळजीची बाब आहे. चीनमध्ये अल्झायमरसाठी मानेतल्या लसीकावाहिन्या शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया पसरली. पुरेशा पुराव्याअभावी तिथल्या आरोग्य आयोगाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मान चोळून स्मृतिभ्रंश बरा होतो, हेही सिद्ध झालेलं नाही. अशा दाव्यांवर विसंबून चालू गोळ्या थांबवू नका.