कुडझू

कुडझू ही वाल-घेवड्याच्या कुळातली वेल, वर्षानुवर्षं टिकणारी. मूळची चीन, जपान, कोरियाकडची, पण बदनाम झाली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी अशा राज्यांत. भर उन्हाळ्यात दिवसाला फूटभर वाढते, एका सीझनमध्ये ६० फुटांपर्यंत जाते, आणि मध्ये झाड आलं, विजेचा खांब आला, पडकं घर आलं, सगळ्यावर चढते. बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाही, नुसती वरून झाकून टाकते, मग खालच्याला ऊनच मिळत नाही आणि ते मरतं.

गंमत म्हणजे ही चोरून घुसलेली नाही, रीतसर बोलावून आणलेली आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानने ती मांडली, जांभळी सुवासिक फुलं बघून लोकांनी व्हरांड्यावर सावलीसाठी लावली. खरा घोळ १९३० नंतरचा. कापसाने जमिनी झिजल्या होत्या, माती वाहून चालली होती, तेव्हा सरकारच्या मृदसंधारण खात्याने रोपं वाटली आणि लावणाऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत पैसेही दिले. कल्पना तशी वेडगळ नव्हती, कारण मुळांवरच्या गाठींमुळे ही जमिनीत नत्र धरते आणि उतारावरची माती घट्ट पकडते. फक्त थांबायचं कुठे हे तिला कोण सांगणार! १९५३ मध्ये कृषी खात्याने शिफारशीच्या यादीतून नाव काढलं, १९७० मध्ये तण म्हणून जाहीर केलं. तरी 'अख्खी दक्षिण गिळली' ही आवई जरा जास्तच आहे, कारण ती सगळ्यात जास्त दिसते ती रस्त्याच्या कडेला, ऊन मिळतं तिथे, आणि गाडीतून लोकांना तेवढंच दिसतं.

उपयोग म्हणाल तर बरेच. जपानमध्ये मुळं कुटून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुवून पांढरंशुभ्र स्टार्च काढतात, त्याची मिठाई होते, रस्सा दाट करायलाही वापरतात. वेलीच्या धाग्यांचं कापडही विणतात. चिनी औषधांत मूळ चालतं, आणि पाला गुरं-शेळ्या आवडीने खातात.

आता काढायची कशी? वरचा वेल कितीही छाटा, काही फरक पडत नाही, कारण साठा सगळा खाली, जुनं मूळ शंभर किलोच्याही वर जातं. पण अख्खं मूळ उकरायची गरज नसते. कोंब फुटतात ते जमिनीलगतच्या गाठाळ बुडख्यातून, तेवढा बुडखा कापून काढला की खालचं मूळ तसंच कुजतं. थंडीत पानं गळाली की बुडखे नीट दिसतात. मात्र वेल जमिनीवर पसरते तिथे पेराला मुळं धरून नवे बुडखे तयार करते, त्यामुळे एका ठिकाणी शेकड्याने सापडतात, एकही राहिला तर पुन्हा सुरू. मोठ्या जागेत शेळ्या सोडतात, त्या पाला खाऊन खाऊन मूळ दमवतात, किंवा उन्हाळा सरता सरता तणनाशक मारतात, कारण तेव्हा अन्न पानांकडून मुळाकडे जात असतं आणि औषधही सोबत जातं. दोन्हीला काही वर्षं लागतात, एका फवारणीत काम झालं असं समजू नका.

२००९ मध्ये जॉर्जियात हिच्यावर जगणारा ढेकणाच्या जातीचा एक आशियाई किडा सापडला, लोकांना वाटलं चला, फुकटात काम होईल. तो वेलीचा रस पितो खरा, पण तसाच सोयाबीनवरही तुटून पडतो.