मक्यापासून केलंय, म्हणून कुजेलच असं नाही

गणपतीत आमच्या सोसायटीनं महाप्रसादाला ‘बायो’ छापलेले पेले आणले. नंतर ते मोठ्या विश्वासानं ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात गेले. होळीला खत चाळायला घेतलं, तर पेले जसेच्या तसे. ‘बायो’ ही अक्षरंसुद्धा शाबूत. सेक्रेटरी हिरमुसून म्हणाले, “अहो, पण मक्याचे आहेत ना!”

हे ‘पण मक्याचे’ इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहूनच टाकतो.

कुजणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. बादलीत भाजीची देठं जिरवणाऱ्याला ते पाठ असतं. जिवाणू-बुरशी जी वस्तू खाऊन संपवतात ती जैवविघटनशील. जैवआधारित हा नुसता जन्मदाखला: कार्बन शेतातून आला की तेलविहिरीतून, एवढंच तो सांगतो. पुढे काय होणार, याबद्दल अवाक्षर नाही.

जिवाणूंच्या कारखान्यांनी हा घोळ वाढवलाय. रसायन जिवाणूनं केलंय म्हटलं, की लोकांना वाटतं तोच ते खाऊनही टाकेल. ड्यूपाँट आणि जेनेनकोर या कंपन्यांनी ई. कोलाय या जिवाणूत यीस्टची आणि क्लेब्सिएला या दुसऱ्या जिवाणूची जनुकं घातली. यीस्टची जनुकं ग्लुकोजचं ग्लिसरॉल करतात, क्लेब्सिएलाची ते पुढे नेतात, आणि शेवटची पायरी ई. कोलाय स्वतःच्याच विकरानं (एन्झाइमनं) उरकून १,३-प्रोपेनडायॉल हे रसायन बनवतो. मक्याच्या साखरेपासून ते करणारा कारखाना २००६ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या लाउडनला सुरू झाला. त्यातून सोरोना नावाचा धागा होतो, गालिचे आणि कपड्यांसाठी. वजनानं ३७ टक्के भाग मक्याचा. उरलेलं टेरेफ्थॅलिक आम्ल खनिज तेलातलं. असा गालिचा पुरून बघा, नातवंडांना सापडेल.

खरी मेख आहे १,४-ब्यूटेनडायॉल या दुसऱ्या रसायनात. हे रसायन करणारा एकही जीव निसर्गात माहीत नव्हता. जेनोमॅटिका कंपनीनं ई. कोलायला ते शिकवलं, आणि २०१६ मध्ये इटलीत बोत्रिगे इथे नोवामोंत कंपनीचा वर्षाला ३०,००० टनांचा कारखाना उभा राहिला. साखरेतून आलेला हा रेणू आणि तेलातून आलेला रेणू यांत तसूभर फरक नाही. कुठल्याही जिवाणूला त्याची जात विचारता येत नाही.

आता हे ब्यूटेनडायॉल टेरेफ्थॅलिक आम्लाशी जोडा. पीबीटी तयार होतं, गाडीतल्या वायरींच्या कनेक्टरचं टणक प्लास्टिक. साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या, की विकरांना आत शिरायला फटच नाही. त्याच साखळीत अधूनमधून अॅडिपिक आम्लाचे लवचीक तुकडे घाला, की पीबीएटी हे दुसरं प्लास्टिक होतं. साखळ्या सैलावतात, त्यांतले जोड (एस्टर बंध) उघडे पडतात, सूक्ष्मजीव ते तोडून खातात. मौज बघा: हे अॅडिपिक आम्ल सहसा खनिज तेलातून येतं. म्हणजे जिवाणूनं केलेलं ब्यूटेनडायॉल वापरूनही पीबीटी कुजत नाही, आणि तेलातलं आम्ल घातलं की माल कुजायला लागतो! सगळं रेणूच्या बांधणीवर आहे, त्याच्या माहेरावर नाही.

जन्म आणि कुजणं, दोन्हींच्या चाचण्याही वेगळ्या. जन्म तपासायला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन मोजतात; त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणून ताज्या उसा-मक्यात तो सापडतो आणि लाखो वर्षं जुन्या तेलात उरतच नाही. कंपोस्ट चाचणीत माल सुमारे ५८ अंशांवर ठेवतात आणि १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला का ते पाहतात. ५८ अंश! आमचा खड्डा एप्रिलमध्येही तेवढा तापत नाही. मक्याच्या पेल्यांचं प्लास्टिक म्हणजे बहुधा पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल); त्याला ही धग लागते. साध्या मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं.

ऊस आपल्याकडे ढीगभर, त्यामुळे हा घोळ वाढणारच आहे. माझा राग तंत्रावर नाही; तेलाऐवजी साखर वापरणं हा चांगलाच फायदा आहे, फक्त तो वेगळा फायदा आहे. माझा राग ‘बायो’ या चार मात्रांच्या शब्दावर आणि पिशवीवरच्या हिरव्या पानावर आहे. ‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ म्हणजे हवेत तुटावं म्हणून रसायन घातलेलं साधं प्लास्टिक; ते विकणाऱ्यांना तर मी दारातही उभं करत नाही, त्या पिशव्यांचा नुसता भुगा होतो.

सेक्रेटरींना एवढंच सांगितलंय: पुढच्या वेळी पाकिटावर आयएस १७०८८ हे कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक शोधा, आणि ते दिसलं तरी पेले आपल्या खड्ड्यात टाकू नका.